वरच्या मजल्याची दुपार

दातवाल्या डॉक्टरने अर्धा दिवस खाल्ला, म्हणून ती त्या दुपारी घरी होती. एरवी उन्हाळ्यातली दुपार तिला ऐकूनच माहीत. ती कोल्ड स्टोरेजमध्ये देखरेखीच्या कामावर होती. सगळं शहर घामाने निथळत असताना ती स्वेटर घालून बटाट्याच्या पोत्यांमधून फिरायची आणि उन्हं उतरल्यावर तोच स्वेटर हातावर टाकून घरी यायची. बसमधले लोक आधी स्वेटरकडे आणि मग तिच्याकडे बघायचे, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेने. अण्णा, तिचे वडील, तिला फ्रीजवाली म्हणायचे. आज फ्रीजवाली डाव्या बाजूने बधिर होऊन जिन्यात उभी होती, कारण वरच्या बाईंचं जाड पाकीट कुरिअरवाल्याने तिच्याच दाराला टेकवून ठेवलं होतं. वरच्या बाई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू. पुस्तकांची प्रुफं तपासायच्या, त्यामुळे त्यांची अशी पाकिटं येत. पाकीट उचलून ती जिना चढायला लागली आणि वळणावरच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. हवा बदलली होती. कठड्यावर ठेवलेला हात तिने झटकन मागे घेतला. अजून थोडं वर, आणि उजव्या गालावर भट्टीचं दार उघडावं तशी झळ आली. डाव्या गालाला मात्र पत्ताच नव्हता. इंजेक्शनने ती बाजू अजून मेलेलीच होती. अर्ध्या तोंडाने तिला उन्हाळा लागत होता आणि अर्ध्या तोंडाने ती अजून आपल्याच मजल्यावर होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. तिने टकटक केलं तर आतून घुमणारा आवाज आला, "कोण? या ना, उघडंच आहे. मी इकडे आहे, आत." खोलीत कुणीच नव्हतं. टेबल खिडकीशी होतं, त्यावर चादर टाकून ठेवलेली. पंखा बंद. भिंतीला लागून पुठ्ठ्याची खोकी रचलेली, सुतळीने करकचून बांधलेली. आवाज न्हाणीघरातून येत होता म्हणून ती संकोचाने दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. वरच्या बाई छोट्या स्टुलावर बसल्या होत्या. पाय पाण्याने भरलेल्या बादलीत, डोक्यावर ओला टॉवेल, समोर दोन पालथ्या बादल्या, बादल्यांवर फळी आणि फळीवर कागद. कानामागे पेन्सिल. साठी ओलांडलेली, नीटनेटकी, ठसठशीत अक्षर असलेली ती बाई न्हाणीघरात बसून कुणाच्या तरी कादंबरीतल्या चुका काढत होती. "उभ्या का? ती बादली पालथी घाला आणि बसा," त्या म्हणाल्या, जणू दिवाणखान्यातली खुर्चीच दाखवत होत्या.

"बाई, तुम्ही इथे काय करताय?"

"काम. इथे भिंतींना फरशी आहे ना, त्यातल्या त्यात गार असते. दुपारपुरतं हे ऑफिस. उन्हं उतरली की परत घरी जाते." त्यांनी हाताने बाहेरच्या खोलीकडे दाखवलं.

"आणि पंखा?"

"पंखा लावला की तो वरची गरम हवा खाली ढकलतो. त्यापेक्षा बंद बरा."

"मला सांगायचं ना!" असं ती म्हणाली खरी, पण बधिर ओठातून शब्द एका बाजूने सांडले.

"काय सांगू? उन्हाळा आहे, हे?" बाई हसल्या. "अहो, तुमच्या अण्णांनी मला हे घर दिलं तेव्हा एकट्या बाईला कुणी दारात उभं करत नव्हतं. त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने तक्रार करायची? मी बटाटा असते तर तुम्ही मला किती जपलं असतंत, एवढं मात्र येतं कधीकधी मनात." मग तिची नजर खोक्यांकडे गेलेली बघून त्या जरा गंभीर झाल्या. "सांगणारच होते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर एक खोली बघितलीय. अंधारी आहे, पण गार आहे. तिथले लोक अजून सोडून गेले नाहीत. गेले की मी निघेन. मागच्या आठवड्यात इथे उठताना चक्कर येऊन पडले. थोडा वेळ तशीच पडून होते. फरशी गरम लागली म्हणून शुद्धीवर आले, असंच म्हणायचं."

हे सगळं बाईंनी गंमत सांगावी तसं सांगितलं, आणि म्हणूनच ते तिच्या जिव्हारी लागलं. खाली आली, आपलं दार लावलं आणि पंख्याखाली आडवी झाली. पंख्याचा वारा गार होता. तो नेहमीच गार असायचा. आलागेला म्हणायचा, अण्णा, तुमचं घर काय छान थंड आहे हो, आणि अण्णा खुर्चीत जरा ताठ व्हायचे. "बांधकाम माझ्या देखरेखीखालचं आहे," म्हणायचे. तिनेही हे इतकी वर्षं खरं मानलं होतं. आता ती उताणी पडून छताकडे बघत होती आणि तिला पहिल्यांदाच दिसत होतं की हे छत म्हणजे बाईंची जमीन. वरचा मजला आपल्या डोक्यावरची टोपी आहे. ऊन टोपीला लागतं, आपल्याला सावली मिळते, आणि टोपीच्या आत एक माणूस बसलेलं आहे. कोल्ड स्टोरेजमध्ये पहिल्याच दिवशी तिला शिकवलं होतं की थंडी तयार करणं हे दुय्यम काम. पहिलं काम उष्णतेला आत न येऊ देणं. जाड भिंती, दारावरच्या पट्ट्या, पांढरं छत. दार उघडं राहिलं तर ती कामगारांवर असा आवाज चढवायची की मुकादमसुद्धा दचकायचा. एकदा छतावरचा पांढरा लेप थोडा सोलवटला तर मालकाने घर जळाल्यासारखी धावपळ केली होती, आणि तीही त्यात धावली होती. बटाट्यांसाठी. ती उठली, चपला घातल्या आणि थेट गच्चीवर गेली.

गच्ची काळी होती. काळी म्हणजे काळीकुट्ट, डांबराची, वर्षानुवर्षांच्या थरांची. चपलेचा तळ चिकटला आणि सुटताना चर्र आवाज झाला, आणि त्या आवाजाबरोबर तिचं सगळं बालपण वर आलं. अण्णा डांबरवाले. अर्ध्या शहराच्या गच्च्या त्यांनी गळतीपासून वाचवल्या होत्या, आणि स्वतःच्या घरची गच्ची तर त्यांचा देव्हाराच. दर उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्या घराने वर जायचं. पिंपात डांबर रटरटतंय, आईने तोंडाला फडकं बांधलेलं, दादाच्या हातात मोठा ब्रश, तिच्या हातात कोपऱ्यांसाठी छोटा. संध्याकाळी रॉकेलच्या बोळ्याने पाय पुसायचे आणि तरी आठवडाभर अंथरुणाला काळे ठसे पडायचे. शेवटी अण्णा तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते पाणी घरंगळत जाताना बघत उभे राहायचे. तेवढ्या वेळापुरते ते कुणाशी बोलत नसत. कारण त्याआधी, तिला जेमतेम आठवतं अशा काळात, ती सगळी भाड्याच्या एका खोलीत राहायची आणि ती खोली गळायची. पातेली, परात, डबे, शेवटी तिच्या दुधाचा पेलासुद्धा. प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. आई अंधारात आवाजावरून सांगायची, परात भरली, उठा. स्वतःचं घर बांधताना अण्णांनी म्हणे विटेला हात लावायच्या आधी सांगितलं होतं, या घरात एक थेंब आत येणार नाही. आणि आला नाही. आता गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते वर जाऊ शकत नव्हते, पण खिडकीत बसून वासावरून ओळखायचे, थर पातळ दिलाय का जाड. या वर्षीचं डांबर अजून व्हायचं होतं. परवाच विचारत होते, माणूस सांगितलास का.

हे डांबर यंदा होणार नाही, असं तिने तिथेच ठरवलं. ठरवलं तेव्हा तिच्या डाव्या गालाला मुंग्या येत होत्या. बाजू जागी होत होती.

संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा दुसऱ्या शहरात असतो, दर आठवड्याला फोन करतो आणि सल्ले देतो. सल्ले द्यायला त्याला काही लागत नाही. "एवढं काय त्यात? एक एसी बसवून टाक वरती, विषय संपव," तो म्हणाला. ती म्हणाली, "आणि तो चालवायचा कुणी? बिल बाईंना, घर आपलं?" "मग नवीन भाडेकरू बघ, तरुण कुणीतरी. दिवसभर बाहेर असतात ते." एसी म्हणजे ऊन आधी घरात घ्यायचं आणि मग वीज जाळून त्याला हाकलत बसायचं, हे तिने त्याला समजावलं असतं. तिचा तर तो धंदाच होता. पण तरुण कुणीतरी, हे ऐकल्यावर तिची बोलायची इच्छाच मेली. "अण्णांना मात्र काही सांगू नकोस," दादा म्हणाला, "गच्चीला हात लावलेला त्यांना खपणार नाही. गुपचूप काय ते कर." गुपचूप हा शब्द तिच्या डोक्यात राहिला, आणि पुढचा मूर्खपणा त्याच शब्दाने करवला.

रविवारी पहाटे तिने चुना कालवला. चुना पांढरा, चुना स्वस्त, ऊन परतवतो, आणि अण्णा त्या वेळी झोपलेले असतात. बाई वर येऊन कठड्याशी उभ्या राहिल्या. "अहो कशाला हा खटाटोप? मी जाणारच आहे." "जा ना, कोण अडवतंय?" ती ब्रश फिरवत म्हणाली, "पण घर गार झाल्यावर जा. भाजलेल्या घरातून उठून गेलात तर मला आयुष्यभर बघवणार नाही त्या जिन्याकडे." बाईंनी मग दुसरा ब्रश उचलला. गच्ची पांढरीशुभ्र झाली. दोन दिवस ती कामावरून परतताना रस्त्यातूनच मान वर करून बघायची, जणू खालून काही दिसणार होतं. बाई म्हणाल्या, फरक आहे हो, निदान फरशीवर पाय ठेवता येतोय. आणि मग डांबराने घाम सोडला. उन्हाने ते खालून वितळून चुन्यातून वर आलं. आधी चहा सांडल्यासारखे डाग, मग तपकिरी तवंग, मग पोपडे. डांबरवाल्याच्या मुलीला, जिच्या पायांवर दर उन्हाळ्यात डांबराचे ठसे असायचे तिला, डांबरावर चुना धरत नाही हे ठाऊक नसावं! जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली असती तर तिने खदखदून हसून घेतलं असतं.

हसले ते अण्णा. तिच्या कोपरावर वाळलेला चुना त्यांनी पकडला, मग काय ते सगळं बाहेर काढलं, आणि आधी इतके हसले की ठसका लागला. "चुना? डांबरावर? माझी मुलगी?" पाणी प्यायले. मग चेहरा बदलला. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. आता विचारतेय."

"मग ऐक. खरवडून काढ ते आणि डांबराच्या माणसाला बोलाव."

"डांबर राहू द्या, अण्णा. ते काढतच नाही मी. त्याच्यावर आमच्याकडे उष्णता अडवायला भिंतींत घालतात ते फोमचे पत्रे अंथरायचे, त्यावर सिमेंटचा थर आणि वर पांढऱ्या फरशीचे तुकडे. ऊन वरच्या वर परतेल. तुमचं डांबर खाली सावलीत राहील. उलट जास्त टिकेल."

"आणि त्या पांढऱ्याला तडा गेला तर? पाणी आत शिरलं तर? डांबर फाटलं की दिसतं. त्या नक्षीकामाच्या खाली काय चाललंय, ते तू बघणार कुठून?" मुद्दा चोख होता आणि तो तिलाही छळत होता, म्हणून ती जास्त चिडली. अण्णा बोलत सुटले. इतकी वर्षं एक थेंब नाही. लोक लांबून ही गच्ची बघायला यायचे. ऊन काय, ऊन सगळ्यांनाच लागतं. उन्हाने भिंती पडत नाहीत. आणि एवढा त्रास आहे तर ती बाई बोलली का नाही कधी? तिला तोंड नाही?

तेव्हा ती बोलली. आवाज चढवून नाही; कोल्ड स्टोरेजमध्ये दार उघडं राहिलं की चढवायची तो आवाज तिने मुद्दाम गिळला. "अण्णा, आपण त्या खोलीत राहायचो तेव्हा घरमालक कुठे राहायचा?"

"खालीच राहायचा. त्याचं काय?"

"त्याच्याकडे गळायचं?"

घरमालकाकडे गळत नसे. पाणी वरच, अण्णांच्या खोलीतल्या पातेल्यांत थांबायचं. खाली तो कोरड्या गादीवर झोपायचा आणि सकाळी आईला म्हणायचा, वहिनी, पाऊस सगळ्यांनाच लागतो. हे वाक्य अण्णांनीच घरात हजारदा नक्कल करून सांगितलेलं होतं, नाकात बोलून, सगळ्यांना हसवत. तिने ते उच्चारलं नाही. गरज नव्हती. अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले ते दिवेलागण होईपर्यंत. तिने चहा ठेवला, तो तसाच निवला. आपण म्हाताऱ्या माणसाला फार लागेल असं बोललो, हे तिला कळत होतं, वाईटही वाटत होतं, पण शब्द परत घ्यावेसे वाटत नव्हते. वर न्हाणीघरात बाईंची बादली सरकल्याचा आवाज आला. तो आवाज रोजच येत असणार. घरी कुणी नसताना अण्णा एकटेच तो ऐकत असणार आणि त्यांना कधी वाटलं नसणार, हा कसला आवाज. आता दोघांनीही ऐकला. अण्णांनी वर बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला निघताना ते म्हणाले, "पाणी साठवून दाखवायचं." तिला समजलं नाही असं समजून त्यांनी कामगाराला सांगावं तसं सांगितलं. "तुझं ते पांढरं झालं की पाणी जायची सगळी भोकं बुजव आणि गच्ची घोट्याएवढी भर. दिवसभर उभं ठेव. मी खाली बसून स्वतः बघणार. एक डाग उठला तर सगळं उचकटायचं आणि डांबर."

"खाली म्हणजे कुठे?"

"तिच्या खोलीत. गळलं तर तिथेच गळणार ना."

मग तिने मागे वळून पाहिलं नाही. कोल्ड स्टोरेजमधली एक जुनी खोली पाडून नवी बांधली होती, तिचे कापून उरलेले पत्रे मागे पडून होते. मालक म्हणाला, घेऊन जा, भंगारात देणारच होतो, पण घरात काय बटाटे भरणार आहेस का? भाडेकरू, ती म्हणाली. फरशीच्या दुकानांतून फुटक्या पांढऱ्या फरशा पोत्यांनी आल्या. गवंडी पोतं ओतून डोक्याला हात लावून बसला. "ताई, लोक फुटलेलं बदलून घ्यायला येतात, तुम्ही फुटलेलं मागायला गेलात." पण हाताचा चांगला होता. आधी चुन्याचे पोपडे खरवडले, डांबर जिथे उकललं होतं तिथे ते अण्णांच्या सांगण्यावरून नव्याने सांधलं, आणि मग पत्रे पसरायला लागला. अण्णांचा जीव खाली खिडकीत राहीना. "पाण्याला ढाळ कुठे दिलास?" ते ओरडायचे. गवंडी वरून ओरडायचा, "मोरीकडे, अण्णा!" "कोपरे गोल घे, काटकोनात मारलेस तर तिथेच फुटेल!" "घेतले, अण्णा!" दोघांची अशी जुगलबंदी आख्खी गल्ली ऐकायची. आपल्याला न आवडणारं काम नीट व्हावं म्हणून त्यांचा जो जीव खालीवर होत होता तो बघून तिला हसू यायचं. पश्चिमेच्या खिडकीवर तिने बाहेरून जाड पडदा लावला. आतला पडदा म्हणजे आत आलेल्या उन्हाला झाकणं, हे बाईंना समजावताना ती इतकी रंगली की बाई म्हणाल्या, तुम्ही शाळेत शिकवायला हवं होतं. बाईंची खोकी मात्र भिंतीशी तशीच होती. उलट एक वाढलं होतं. त्या दुसऱ्या टोकाच्या खोलीतली माणसं निघाल्याचा निरोप आला होता. ती खोक्यांकडे बघायची नाही. बघितलं तर हात ढिले पडतील, असं तिला वाटायचं. बाई जावोत किंवा राहोत, गच्ची पांढरी व्हायची होती. हे ती स्वतःला रोज सांगायची, आणि रोज ते निम्मं खोटं असायचं.

पाणी भरलं त्या दिवशी गवंड्याने आणि त्याच्या जोडीदाराने अण्णांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. हातात टॉर्च. बाईंच्या खोलीत ते कित्येक वर्षांनी येत होते. त्यांनी चौफेर पाहिलं; चादरीखालचं टेबल पाहिलं, न्हाणीघराच्या दारातून आतली फळी आणि पालथ्या बादल्या पाहिल्या. छताखाली खुर्ची लावून घेतली आणि टॉर्चचा झोत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवत राहिले. ती त्या दिवशी रजेवर होती. छतावर घोटाभर पाणी होतं, खाली खोली सुसह्य झाली होती, पण त्यात तिला समाधान नव्हतं. पाण्याखाली कुठलीही खोली गार होणारच, ही काही परीक्षा नव्हे. अण्णांची गळतीची परीक्षा होती, तिची उन्हाची नव्हती. संध्याकाळपर्यंत छत कोरडं. बोळे काढले, पाणी धो धो करत खाली गेलं. तिने अण्णांकडे बघितलं. "लगेच नाचू नकोस," ते म्हणाले. "पाणी चोरपावलांनी येतं. आत कुठे अडकून राहिलं असेल तर उद्या उतरेल. उद्या परत बसणार मी."

दुसऱ्या दिवशी तिला रजा मिळाली नाही. पोत्यांमधून फिरताना तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाहेर ऊन रणरणत होतं. गच्ची आता कोरडी, पाण्याचा आधार नाही, आज काय ते कळणार. एका दाराच्या पट्ट्या अडकून दार उघडं राहिलं आणि ती ओरडली नाही, तेव्हा मुकादमाने येऊन विचारलं, बरं नाही का? तिने स्वेटर काढला, हातावर टाकला आणि दुपार असतानाच बाहेर पडली. जिन्याच्या वळणावर ती थांबली. हवा बदलली नव्हती. म्हणजे बदलली होती, वरचा मजला वरचाच होता, उन्हाळाही उन्हाळाच. पण कठड्यावर हात ठेवला तर तो तिथे राहिला. आज दोन्ही गाल जागे होते आणि दोघांचं म्हणणं एक होतं.

दार लोटलेलं. तिने हळूच ढकललं. खिडकीशी टेबल होतं आणि टेबलाशी बाई होत्या, कागद पुढ्यात घेऊन, पाय कोरडे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पंखा फिरत होता. खोलीच्या मध्यावर खुर्चीत अण्णा झोपले होते. मान एका खांद्यावर, तोंड उघडं, पोटावर टॉर्च, आणि टॉर्च चालूच. टॉर्चचा उजेड भर दुपारी छतावर फिकट गोल धरून होता, बरोबर डोक्यावर. त्या गोलात काही नव्हतं. कोरडं, पांढरं छत. ज्या माणसाला स्वतःच्या घरी उशी सरकली तरी जाग येते तो माणूस पहारा द्यायला बसला होता आणि घोरत होता. ती दारातच उभी राहिली. तिला फार थकल्यासारखं वाटलं, आणि फार बरं वाटलं. तिने बाईंकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडू आलं असतं.

अण्णांनी पाय जवळ ओढले. डोळे न उघडता, झोपेतल्या जड आवाजात, घरच्या कुणाला तरी म्हणावं तसं म्हणाले, "पंखा कमी करा रे. नाहीतर अंगावर घालायला तरी द्या काहीतरी."

तिने हातावरचा स्वेटर पुढे केला. बाईंनी मान हलवली. "थांबा," त्या कुजबुजल्या, "चादर आहे माझ्याकडे." त्या उठल्या, भिंतीशी गेल्या आणि सगळ्यात वरचं खोकं उचलून खाली ठेवलं, ते नव्हतं, मग दुसरं. त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. गाठ घट्ट होती, नखांनी सुटेना. टेबलावरून कात्री आणून तिने बाईंच्या हातात दिली आणि सुतळी ताणून धरली. पहिला फेर तुटला, मग दुसरा. चादर काढण्यापुरतं तेवढं पुरे होतं; अजून दोन फेर होते, तेही बाईंनी कापले.